साथीची रंगीत तालीम

"मॅडम, माझ्या मालकाला कब्रस्तानात मातीत घालून राहिलेत, अन् मला त्याचं तोंड बघू देईनात. लवकर या, न्हाईतर संपलं समदं."

फोनवरची बाई एवढंच बोलली. मागं कुणीतरी तिच्यावर ओरडलं आणि फोन बंद झाला.

सहायक पोलीस निरीक्षक महामाया सोनकांबळे जीपमध्ये बसली. हवालदार वीरण्णानं विचारलं नाही कुठं जायचं ते. लातूर शहराबाहेर त्यांच्या हद्दीत कब्रस्तान एकच होतं.

२०१० सालचा जानेवारी महिना. आदल्या पावसाळ्यात पुण्यातून स्वाइन फ्लूची साथ आली होती, आणि अजूनही कुणी शिंकलं की शेजारचा माणूस जागा बदलायचा. कब्रस्तानात खड्डा तयार होता. खड्ड्याशेजारी कंपनीचा टेंपो. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मुडदा. भोवती पांढऱ्या पोशाखातली, मास्क लावलेली कंपनीची माणसं. बाजूला एक बाई जमिनीवर बसलेली आणि तिच्या भावाला दोघांनी धरून ठेवलेलं.

"आधी मास्क लावा मॅडम," एक उंच माणूस पुढं झाला. "मी भुजंग पाटील. शतपर्ण सोया कंपनीचा सुरक्षा आणि आरोग्य मॅनेजर. ही स्वाइन फ्लूची बॉडी आहे."

"रिपोर्ट?"

"यायचाय."

"मग स्वाइन फ्लू कुणी ठरवला?"

"आमच्या डॉक्टरांनी. कंपनीचा साथरोगाचा प्लॅन आहे, छापलेला. संशयित मृत्यू झाला की लगेच दफन. नातेवाइकांनी हात लावायचा नाही."

"तुमचा प्लॅन म्हणजे कायदा नाही."

"तुम्हाला वरून फोन येईल."

"येऊ दे. तोवर खड्ड्यापासून लांब व्हा. आणि त्या माणसाला सोडा."

भाऊ सुटला तो थेट तिच्याकडे आला. शहेबाज त्याचं नाव. "मॅडम, मी एकदा पिशवीची चेन ओढली होती. दाजींचा हात छातीवर वाकडा होता. नीट करायला गेलो तर हलंना. लाकडागत. मग ह्यांनी मला धरलं."

महामायानं हातमोजे चढवले आणि चेन ओढली. महेबूब तांबोळी. तिशी ओलांडलेला, मध्यम बांध्याचा माणूस. तिनं मनगट धरून पाहिलं. कोपर वाकेना. जबडा घट्ट मिटलेला. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक तावीज होता, काजळी धरल्यासारखा काळा.

"किती वाजता गेला?"

"दुपारी साडेबाराला," भुजंग म्हणाला.

तिनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

बेगमबी, महेबूबची बायको, उठून जवळ आली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं आणि मग तावीजाकडे बोट केलं. "हे काळं कसं झालं? तांब्याचं हाय ते. काल रातपाळीला जायच्या आधी मी चिंचेनं घासून दिलं होतं. निस्तं चमकून राहिलं होतं."

"याच्यापाशी आणखी काय होतं?"

शहेबाजनं कंपनीनं दिलेली थैली उघडली. टाके घातलेल्या चपला आणि एक मोबाइल. मोबाइल सुरू होत नव्हता. शहेबाजनं दुसरी बॅटरीही घालून पाहिली होती.

"बॉडी सरकारी दवाखान्यात जाईल," महामाया म्हणाली. "शवविच्छेदन होईल. मगच माती."

भुजंगनं खिशातून फोन काढला. वरचा फोन त्यानंच लावला होता बहुतेक, कारण जीप सुरू व्हायच्या आत तिचा फोन वाजला. साहेब म्हणाले, साथीच्या मामल्यात पोलिसांनी कशाला पडायचं? ती म्हणाली, "बाई तक्रार देतेय, सर. लिहून घेतेय." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

*

शतपर्ण सोया म्हणजे सोयाबीनचं तेल काढणारी, चार राज्यांत कारखाने असलेली कंपनी. गेटवर फुलांची कमान अजून तशीच होती. वर फलक होता: 'साथरोग सज्जता दिन. कामगारांचे आरोग्य, हीच आमची संपत्ती'.

"काय झालं ते नीट सांगा," महामाया म्हणाली.

भुजंग उभ्यानंच बोलला. बसा म्हणाला नाही. "मुख्य कचेरीतून आदेश होता. प्रत्येक कारखान्यानं साथीची तयारी करून दाखवायची. आज पाहुण्यांसमोर आमची रंगीत तालीम होती. एक कामगार आजारी असल्याचं नाटक करतो. गेटवर पडतो. पथक त्याला स्ट्रेचरवरून अलगीकरण खोलीत नेतं. अकराला सुरू झालं. मी माइकवरून समजावून सांगत होतो. आजारी माणसाचं काम महेबूबनं स्वतः मागून घेतलं होतं. नाटक करता करता खरंच ताप निघाला. आता याला आम्ही काय करणार?"

"पथकात कोण होतं?"

"दोन स्ट्रेचरवाले. नांदेडहून भाड्यानं आणलेल्या ॲम्ब्युलन्सबरोबरचे. काल रात्रीच आले होते. आणि आमच्या जगदेवी सिस्टर. तिघंही पांढऱ्या पोशाखात, मास्क, चष्मे."

"आणि महेबूब?"

"टोपी, मास्क, अंगावर चादर. त्याला गेटवर शंभर लोकांनी पाहिलाय. अकरा वाजता तो जिवंत होता मॅडम. हे लिहून घ्या आधी."

"कामगार कुठं होते?"

"दोरीच्या मागं, शेडपाशी. पाहुण्यांच्या अंगावर यायला नकोत."

कंपनीचे डॉक्टर आनंदराज खुर्चीत आक्रसून बसले होते.

"डॉक्टर, तुम्ही महेबूबला तपासलं?"

"मी… दारातून बघितलं. सिस्टर म्हणाल्या, गेला."

"नाडी? डोळे?"

"प्लॅनमध्ये लिहिलंय, कमीत कमी संपर्क."

"म्हणजे हात न लावता दाखल्यावर सही केली."

डॉक्टरांनी भुजंगकडे पाहिलं. भुजंगनं खिडकीबाहेर पाहिलं.

त्या सगळ्या इमारतीत माणसासारखी बोलली ती जगदेवी सिस्टर. चाळिशीची, रडून डोळे सुजलेली. तिनं महामायाला पाणी आणून दिलं, वीरण्णालाही दिलं.

"मीच नेलं त्यांना आत. स्ट्रेचरवाल्यांनी ठेवलं, मी त्यांना म्हटलं तुम्ही व्हा बाहेर. सहज म्हणून ताप बघितला तर एकशे तीन. मला वाटलं थर्मामीटरच बिघडलं. मग महेबूबभाई म्हणाले, 'सिस्टर, बेगमला सांगा, पोरीची शाळा सोडवू नको म्हणावं.' मी डॉक्टरांना सांगायला बाहेर आले. डॉक्टर पाहुण्यांत अडकलेले. परत जाईस्तोवर…"

तिनं पदर तोंडाला लावला.

"बेगमबीला हे सांगितलंत?"

"हो. तेवढाच तिला आधार."

"महेबूब तुमच्याकडे आधीपासून यायचा?"

"रोज संध्याकाळी. खोकल्याच्या औषधाला. धुळीचा खोकला हो. नरसिंगभाऊजींच्या गोदामात काम, तिथं धूळ असणारच."

"आज तो नाटकात काही वेगळं करणार होता का? काही बोलला होता तुमच्याशी?"

"नाही हो. ते काय करणार वेगळं?"

अलगीकरण खोली कँटीनच्या मागं होती. एक लोखंडी पलंग, सलाइनची दांडी, पांढरे पोशाख टांगलेली खुंटी, पांढरा पडदा. सगळं नवं कोरं. महामाया आत शिरली आणि थबकली. लसणाचा वास. अगदी हलका, पण पडद्याच्या मागं गेलं की जास्त.

"कँटीन शेजारी आहे," भुजंग दारातून म्हणाला. "फोडणीचा वास येतोच."

कँटीनच्या पायरीवर चतुराबाई भांडी उपडी घालत होती. सकाळच्या तालमीत पथकाच्या हातावर जंतुनाशकाचा फवारा मारायचं काम तिला दिलेलं.

"आज भाजी कसली केली होती?" महामायानं विचारलं.

"आज चूलच पेटली न्हाई बाई. पाव्हण्याचं जेवण हाटेलातनं आलं. आमाला चिवडा दिला."

ती परत खोलीत आली. पडद्यामागच्या भिंतीत एक दार होतं. कडी खोलीच्या बाजूनं.

"हे दार कुठं जातं?"

"गोदामात," भुजंग म्हणाला. "पूर्वी हे सगळं एकच होतं. भूकंपानंतर मदतीचं धान्य ठेवायला बांधलेलं. कंपनीनं घेतलं आणि हा कोपरा वेगळा केला."

"उघडा."

"न्हाई उघडायचं ते!" मागून आवाज आला. गमबूट आपटत एक माणूस आला. मध्यम बांध्याचा, दाढी वाढलेली. गोदामाचा सुपरवायझर, उदगीरकडचा नरसिंग. "आत मालाला गोळ्या लावल्यात. किड्याच्या. त्याचा धूर असतो, जीव जाईल."

"कधी लावल्या?"

"काल सांजच्याला. तवापास्नं गोदाम बंद हाय. कुणी गेलं न्हाई, कुणी आलं न्हाई."

"तालमीच्या वेळी तू कुठं होतास?"

"गर्दीत."

"कुणाशेजारी?"

"ध्यानात न्हाई. तुमाला तुमच्या शाळंतल्या झेंडावंदनाला शेजारी कोण होतं ध्यानात हाय का?"

बाहेरून वीरण्णानं हाक मारली. "अय्यो मॅडम, इकडं या."

गोदामाच्या झरोक्याखाली तीन पारवे मरून पडले होते. आणि गोदामाच्या दुसऱ्या भिंतीला लागून एक लांबट पत्र्याची खोली होती, तिच्यात गाद्यांच्या रांगा. कंत्राटी कामगार तिथं झोपायचे. दोघे पडून होते. एक उशी तोंडाशी धरून खोकत होता.

"किती दिवस खोकला आहे?"

तो तोंड भिंतीकडे करून निजला. दुसरा म्हणाला, "आमाला काय विचारू नका मॅडम. तुमी जाताल. आमाला इथंच ऱ्हायचंय."

गेटपर्यंत भुजंग सोबत आला. "तुमच्या मनात काय चाललंय ते कळतंय मला. गोळ्यांचा धूर. पण गोदाम कालपासून बंद आहे, आणि अकरा वाजता महेबूब गेटवर होता. पाहुण्यांत सरकारी अधिकारी होते. त्या सगळ्यांना खोटं पाडणार का तुम्ही?"

महामायानं वीरण्णाला जीप काढायला सांगितली.

*

बेगमबीचं घर कारखान्यापासून लांब नव्हतं. दोन खोल्या, समोर तुळईला टांगलेला कंदील, आत मुलगी कहकशां आजीच्या मांडीवर झोपलेली.

"भूकंपात ह्याचं अख्खं गाव गेलं," बेगमबी म्हणाली. "तवा हा शाळंत होता. मातीतनं माणसं उपसली ह्यानं. अन् आता ह्याला मातीत घालायची एवढी घाई."

"त्यानं आजारी माणसाचं काम का मागून घेतलं?"

बेगमबीनं आत, झोपलेल्या पोरीकडे पाहिलं.

"तो पडणार नव्हता मॅडम. उभा राहून बोलणार होता. मला म्हणाला, 'बेगम, उद्या पाव्हणे असतील, माइक असंल. मी म्हणणार, मी आजारी असल्याचं नाटक करून राहिलो न्हाई, मी आजारीच हाय. गोळ्याचा धूर आमच्या खोलीत येतो. पोरं रात्री उलट्या करतात, अन् तुम्ही आमाला मास्क घालून फोटो काढता.'"

"हे त्यानं आणखी कुणाला सांगितलं होतं?"

"कामावर कुणाशी बोलायचा न्हाई. समदी भेतात, कंत्राट जाईल म्हणून. ड्यूटी अन् औषध, औषध अन् घर. बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. ते सावधपणे बोलले. "फुप्फुसात पाणी आहे. फ्लूनंही होतं, विषारी वायूनंही होतं. नमुने प्रयोगशाळेत पाठवलेत, वेळ लागेल. पोट उघडलं तेव्हा लसणासारखा वास आला, ते मी लिहिलंय. आणि तुमच्या पंचनाम्यात दोन वाजता अंग कडक होतं असं लिहिलंय ते खरं असेल, तर एक सांगतो. साडेबाराला गेलेला माणूस दोनला असा लाकूड होत नाही."

"मग कधी गेला?"

"सकाळी. उजाडायच्या सुमाराला धरा."

"पण अकरा वाजता शंभर लोकांनी त्याला पाहिलाय."

डॉक्टरांनी हात धुतले. "ते तुमचं काम."

*

तालमीचं चित्रीकरण हमजा नावाच्या माणसानं केलं होतं. त्याचा स्टुडिओ क्लासेसच्या गल्लीत. भिंतीभर बारावीत आणि मेडिकलला पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. क्लासवाल्यांच्या सगळ्या जाहिराती हाच करायचा.

"कंपनीनं सांगितलंय, कुणाला दाखवायचं नाही," हमजा म्हणाला. "माझं वर्षाचं काम आहे त्यांच्याकडे."

"मग मी जप्तीचा कागद आणते आणि सगळे कॉम्प्युटर उचलून नेते. क्लासवाल्यांना काय सांगायचं ते तू बघ."

त्यानं शिवी तोंडातच गिळली आणि चित्रफीत लावली.

कमान. पाहुणे. माइकवर भुजंग. मास्क लावलेला, डोक्यावर टोपी ओढलेला एक माणूस चालत येतो, खोकतो, छाती धरतो, खाली पडतो. पथक धावतं. फुलांच्या माळा बांधलेल्या ॲम्ब्युलन्समागून स्ट्रेचर येतं. त्याला उचलतात. चादर आखूड पडते, स्ट्रेचरच्या टोकाला काळे गमबूट दिसतात. कॅमेरा मागं मागं जातो. अलगीकरण खोलीचं दार उघडतं, सगळे आत. दार बंद. भुजंगचं भाषण. मग दार उघडतं. पांढरे पोशाख एकेक करून बाहेर येतात, हात पुढं करतात. चतुराबाई फवारा मारते. फुस्स. फुस्स. जरा वेळानं पुन्हा फुस्स. फुस्स. टाळ्या. पाहुणे जेवायला.

"पुन्हा लाव," महामाया म्हणाली.

तिसऱ्यांदा बघताना ती खुर्चीतून उठली.

"वीरण्णा, उदगीरला तुझा चुलतभाऊ आहे ना? त्याला फोन कर. नरसिंग मूळचा तिकडचाच आहे. त्याच्या बायकोचं माहेर कुठलं, एवढंच विचार. आणि मला त्या नांदेडच्या स्ट्रेचरवाल्यांचा फोन लावून दे."

*

दुपारी कँटीनमध्ये तिनं सगळ्यांना बसवलं. भुजंग, डॉक्टर आनंदराज, जगदेवी, नरसिंग. समोर बेगमबी आणि शहेबाज. हमजानं कॉम्प्युटर टेबलावर ठेवला होता. कामगारांना बोलावलं नव्हतं, पण खिडक्यांच्या जाळीला चेहरे लागलेले होते.

"दहा मिनिटं देतो," भुजंग म्हणाला. "मग वकील बोलतील."

"पुरेत," महामाया म्हणाली. "पहिली गोष्ट. महेबूब स्वाइन फ्लूनं मेला नाही. किड्याच्या गोळ्यांच्या धुरानं मेला. त्या धुराला लसणाचा वास असतो. तो तुमच्या अलगीकरण खोलीत होता, चूल पेटलेली नसताना. तो धूर तांब्याला काळं करतो. महेबूबचा तावीज एका रात्रीत काळा झाला, मोबाइलच्या आतलं तांबंही सडलं. रातपाळीत तो त्या बंद गोदामात होता."

"आणि अकराला उठून गेटवर आला?" भुजंग हसला.

"नाही आला. उजाडायच्या सुमाराला तो मेला होता. दोन वाजता त्याचं अंग लाकूड झालं होतं. गेटवर तुम्ही पाहिलात तो महेबूब नव्हता."

भुजंगचं हसू गेलं. त्याचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता, हे महामायानं पाहून ठेवलं.

"हमजा, लाव."

चित्रफीत सुरू झाली.

"पथकात तिघं होते. दोन स्ट्रेचरवाले आणि सिस्टर. हे तुम्हीच सांगितलंत. तिघं आत गेले. आता बाहेर येताना बघा. चतुराबाई किती जणांच्या हातावर फवारा मारते?"

खोलीत फक्त फवाऱ्याचा आवाज.

"चार," शहेबाज पुटपुटला.

"चार. नांदेडच्या दोघांशी मी बोलले. ते म्हणतात, 'आम्ही पेशंटला पलंगावर ठेवलं, सिस्टर म्हणाल्या बाहेर व्हा, आम्ही झालो. मग सिस्टर आल्या, अन् सोबत आणखी एक जण. आम्हाला वाटलं कंपनीचाच कुणी.' तो आणखी एक म्हणजे आजारी माणूस. तो पलंगावरून उठला, खुंटीवरचा पांढरा पोशाख अंगात चढवला आणि टाळ्यांच्या आवाजात बाहेर पडला. पडद्यामागं महेबूबचा मुडदा सकाळपासून तयार होता. तो त्याआधी उचलून पलंगावर ठेवला. चौथ्या माणसाच्या पायांकडे बघा. आणि स्ट्रेचरवरच्या आजाऱ्याच्या पायांकडे बघा."

हमजानं चित्र थांबवलं. काळे गमबूट. दोन्हीकडे तेच.

"महेबूबच्या चपला शहेबाजच्या थैलीत आहेत. या कारखान्यात गमबूट कोण घालतं?"

सगळ्यांच्या नजरा खाली, नरसिंगच्या पायांकडे गेल्या. त्यानं पाय बाकाखाली ओढले.

"मी… मला सांगितलं म्हणून मी पडलो," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

त्यानं मान खाली घातली.

"मी सांगते. खोलीत त्या वेळी तुझ्याशिवाय एकच जिवंत माणूस होतं."

जगदेवी ताठ बसली होती. डोळे अजून सुजलेले.

"सिस्टर, तुम्ही मला सांगितलंत, महेबूबला एकशे तीन ताप होता. चार तासांपूर्वी मेलेल्या माणसाला ताप येत नाही. तुम्ही सांगितलंत, तो पोरीच्या शाळेबद्दल बोलला. मेलेला माणूस बोलत नाही. डॉक्टर घाबरट आहेत, त्यांनी न बघता सही केली. पाटलांना कंपनीचं नाव वाचवायचं होतं, म्हणून त्यांनी दफनाची घाई केली. त्याचा जाब दोघांनाही द्यावा लागेल. पण त्या दोघांनी महेबूबला जिवंत पाहिल्याचं खोटं सांगितलं नाही. ते फक्त तुम्ही सांगितलंत."

"मी त्यांना रोज औषध देत होते," जगदेवी म्हणाली. "मी कशाला मारू?"

"औषध देत होतात म्हणूनच. महेबूब कामावर एकाच माणसाशी मोकळं बोलायचा. रोज संध्याकाळी, औषध घेताना. उद्या माइकवर काय बोलणार, ते त्यानं तुम्हाला सांगितलं. गोळ्यांचं काम कुणाचं? नरसिंगचं. राहत्या खोलीला लागून धुरी दिल्याबद्दल पहिला आत कोण जाणार? नरसिंग. सगळे त्याला नरसिंगभाऊ म्हणतात. तुम्ही बोलता बोलता भाऊजी म्हणालात. वीरण्णानं उदगीरला विचारलं. त्याची बायको तुमची सख्खी बहीण आहे."

नरसिंगनं डोकं दोन्ही हातांत धरलं. मग तो बोलू लागला, भराभर, कुणी विचारायच्या आत.

"मारायचं नव्हतं मॅडम. हिनं मला रातीच सांगितलं, महेबूब उद्या समदं बोलणार हाय. म्हणलं, जरा गोदामात कोंडू. घसा बसंल, सकाळी बोलायला यायचा न्हाई. पोती हलवायचीत म्हणून आत पाठवला अन् कडी घातली. थोड्या वेळात बाहेर काढणार होतो. पाव्हण्याच्या तयारीला साहेबांनी बोलावलं, कमानीला बांबू लावायला. यायला उशीर झाला. उघडलं तर दाराशीच पडलेला."

"मग?"

"ही तयारीला रातभर त्या खोलीत होती, हिनं मधल्या दाराची कडी काढली अन् मी उचलून आत नेला. म्हणलं, आता तूच बघ."

खिडकीबाहेर कुणीतरी ओरडलं. जाळी हलली. वीरण्णा दारात जाऊन उभा राहिला.

"सिस्टर," महामाया म्हणाली, "तुमच्यासमोर आणला तेव्हा महेबूब श्वास घेत होता?"

जगदेवी टेबलाकडे बघत राहिली.

"श्वास घेत होता?"

"हो."

"किती वेळ?"

"उजाडेपर्यंत."

बेगमबी उठली. शहेबाजनं तिचा हात धरला, तिनं तो झिडकारला, पण पुढं गेली नाही. उभीच राहिली.

"डॉक्टरांना फोन केला?"

"नाही. त्यांना पोलिसांना कळवावं लागलं असतं. भाऊजी आत गेले असते. माझी नोकरी गेली असती. माझी पोरगी इथल्या क्लासला आहे, कंपनीच्या शिष्यवृत्तीवर. मेडिकलला जाईल ती यंदा." जगदेवी पहिल्यांदा बेगमबीकडे वळली. "मी त्यांचा हात धरून बसले होते. खरंच सांगते. एकटं सोडलं नाही."

"दवाखाना आठ किलोमीटरवर आहे," महामाया म्हणाली. "वाचला असता की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण नांदेडची ॲम्ब्युलन्स रात्रीपासून गेटच्या आत उभी होती. ड्रायव्हर आत झोपलेला होता. तुम्ही त्याला का नाही उठवलंत?"

जगदेवी बोटांनी पदराचं टोक पिळत राहिली.

"ती धुऊन ठेवली होती," ती शेवटी म्हणाली. "माळा बांधल्या होत्या. पाहुणे यायच्या आधी ती हलवायची नाही, असं पाटीलसाहेबांनी सांगितलं होतं."

भुजंग काही बोलायला उठला. मग खिडक्यांकडे पाहून खाली बसला.